शून्याखालचं पाणी

माघात खानदेशातल्या वरणगावावर आभाळ दाटलं की केळी-हरभऱ्यावाल्यांचा जीव टांगणीला लागतो: गारा पडतील का? उत्तर ढगाच्या पोटात असतं. तिथे उणे 10 अंशांतही पाण्याचे कितीतरी थेंब गोठत नाहीत. बर्फाच्या कणाला चिकटले की मात्र लगेच गोठतात आणि गार वाढत जाते. विमानाच्या पंखांवरही ते असेच गोठतात, म्हणून ढगात शिरणं जोखमीचं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2009 मध्ये 'कायपीक्स' मोहिमेत हे धाडस सुरू केलं. 2018-19 मध्ये ही उड्डाणं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या सोलापुरातून झाली. विमानाच्या पंखाखालच्या उपकरणातला लेसर एकेक थेंब मोजतो. सोलापुरातली उड्डाणं पावसाळी ढगांतली होती. पण माघातल्या गारा समजून घ्यायच्या तर खानदेशच्या हिवाळी ढगांतही अशी उड्डाणं व्हायलाच हवीत.