दुर्बिणीची तपासणी, गुंगी आणि श्वास

अन्न घशाखाली अडकणे, काळे शौच होणे, पित्तनलिकेत खडा उतरणे, अशा विकारांत डॉक्टर हल्ली एण्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी सुचवितात. त्यासाठी पेडणे-डिचोलीकडील माणसे बहुधा म्हापसा, पणजी किंवा बांबोळीची वाट धरतात. घरच्यांना दुर्बिणीपेक्षा गुंगीचेच भय अधिक वाटते. ही शंका अगदीच निराधार नाही. पण तिच्यापायी तपासणी टाळणेही हिताचे नाही. म्हणून या महोत्सवी अंकात हा विषय थोडक्यात मांडीत आहे.

पहिली गोष्ट ही की, प्रत्येक तपासणीस गुंगी लागतेच असे नाही. जठराची साधी तपासणी पुष्कळदा घशात बधिरतेचा फवारा मारूनच उरकते. तपासणी लांबणारी असेल किंवा रोगी फार घाबरत असेल, तर शिरेतून मिडाझोलाम, फेण्टानिल, प्रोपोफॉल यांसारखी औषधे देतात. या औषधांनी मनाची भीती जाते, तसाच मेंदूतील श्वासाचे नियमन करणारा भागही मंदावतो. श्वास उथळ होतो, क्वचित थांबतो. घशाचे स्नायू सैल पडून जीभ मागे जाते व वाट अडते. पोटात अन्न असेल, तर ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

गुंगीत नाडी पाहावी की श्वास, हा वाद जुना आहे. क्लोरोफॉर्मच्या काळात, १८८८ व १८८९ साली, निजामाच्या आश्रयाने हैदराबादेत दोन चौकशी समित्या बसल्या. तेथील डॉक्टर एडवर्ड लॉरी यांचे आग्रहाचे सांगणे होते की लक्ष श्वासावर ठेवावे. क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी बंद पडू शकते, हे पुढे सिद्ध झाले व त्यांचे मत अपुरे ठरले. पण श्वासावरील पहाऱ्याचे महत्त्व काही कमी झाले नाही.

आज या पहाऱ्यास यंत्रांची जोड आहे. जपानचे ताकुओ आओयागी यांच्या १९७० नंतरच्या संशोधनातून आलेले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोविडच्या साथीत घरोघरी पोचले. निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो; तो ९० च्या खाली गेला की तातडीने उपाय करावे लागतात. मात्र नाकातून प्राणवायू चालू असताना श्वास थांबला, तरी हा आकडा काही वेळ चांगलाच दिसतो. म्हणून छातीची हालचाल पाहणारा माणूस हवा, आणि गुंगी गाढ असेल तर उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्रही हवे. श्वास अडल्यास हनुवटी उचलून वाट मोकळी करतात, प्राणवायू वाढवितात, लागल्यास पिशवी-मुखवट्याने श्वास देतात. मिडाझोलामवर फ्लुमाझेनिल व फेण्टानिलवर नॅलोक्सोन हे उतारे आहेत. प्रोपोफॉलला उतारा नाही, परंतु त्याचा अंमल काही मिनिटांत ओसरतो. वेळीच ध्यानात आले, तर बहुतेक अडचणी येथेच निवारतात.

आता आपले कर्तव्य. डॉक्टरांपासून काही लपवू नये. रात्री मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडणे, दमा, हृदयविकार, झोपेच्या गोळ्या, पूर्वी भुलीचा झालेला त्रास, हे सारे सांगावे. रोजची फेणीसुद्धा सांगावी. वडीलधाऱ्यांसमोर संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकांतात बोलावे. नेहमीची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

उपवासाची वेळ काटेकोर पाळावी. सामान्यतः हलक्या खाण्यानंतर निदान सहा तास व साध्या पाण्यानंतर दोन तास जाऊ देतात. डॉक्टरांनी याहून अधिक सांगितल्यास तेच खरे. आपल्याकडे सकाळची पेज पाण्यासारखीच मानतात. पेज हे अन्न आहे, आणि दुधाचा चहाही पाणी नव्हे. प्रेमापोटी पाजलेली वाटीभर पेज गुंगीत जिवावर बेतू शकते. चुकून घेतली गेलीच, तर तसे सांगावे. तपासणी पुढे ढकलली जाईल, एवढेच.

कवळी काढून ठेवावी. गुंगीत श्वासावर लक्ष कोण ठेवणार, हे नम्रपणे विचारावे. त्यात डॉक्टरांचा अवमान नाही. सोबत जाणता माणूस न्यावा. परतताना पायलटच्या किंवा मुलाच्या दुचाकीवर मागे बसवू नये, मोटारीने आणावे. चोवीस तास वाहन चालवू नये, मद्य घेऊ नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये. घरी रोगी जागा होईना किंवा श्वास घेताना धापू लागला, तर वाट न पाहता १०८ ला कळवावे.

गुंगीतील माणूस स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही. त्याच्या वतीने आधीच सारे खरे सांगून ठेवणे, हे घरच्यांचे काम आहे. एवढे केले, तर भयाचे पुष्कळसे कारण उरणार नाही.