मुक्या प्राण्यांची मेदवृद्धि

वैश्वदेवाच्या वेळीं गाय, श्वान व काक यांच्यासाठीं अन्नाचा भाग काढून ठेवण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तो भाग घासाएवढा असतो आणि काढणारा हातहि एकच. परंतु जेथें कुत्रें अथवा मांजर घरांतच वावरतें, तेथें, विशेषतः एकत्र कुटुंबांत, हा भाग वाढणारे हात सात-आठ होतात. सकाळीं आजोबा चहाबरोबर बिस्किट देतात. पोळ्या लाटतांना सूनबाई एक तुकडा टाकते. मुलें शाळेच्या डब्यांत उरलेलें पुढें करतात. आणि रात्रीं कर्ते गृहस्थ घरीं आले म्हणजे याचें जेवण केव्हांच झालें आहे, हें त्यांस कोणी सांगत नाहीं. कुत्रें तर सांगणारच नाहीं!

याचा हिशेब मांडून पाहावा. १० किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या, घरांत राहणाऱ्या कुत्र्यास दिवसाकाठीं सुमारें ६०० उष्मांकांचें अन्न पुरतें. तूप लावलेली एक पोळी १०० ते १२५ उष्मांकांची. चौघांनीं मायेनें एकेक पोळी घातली कीं दिवसाच्या आहाराचा मोठा भाग संपला. ताटलींतील ठरलेलें जेवण तें पुढें वेगळेंच. मांजराचें माप तर याहून लहान. ४ किलोंच्या घरकोंबड्या मांजरास सुमारें २४० उष्मांक पुरेत, आणि १५० मिलिलिटर म्हशीच्या दुधांत त्यांतील निम्म्याहून अधिक येऊन जातात. शिवाय मोठेपणीं पुष्कळ मांजरांस दुधांतील शर्करा पचत नाहीं, मग गोष्टींतून आपण कांहींहि ऐकलेलें असो.

अंगानें भरलेलें जनावर पाहून घरच्यांस समाधान वाटतें, हीच खरी अडचण आहे. चरकसंहितेनें अतिस्थूल मनुष्याची गणना आठ निंदितांत केली. पण गुबगुबीत कुत्र्याचें आम्हांस कौतुकच. अमेरिकेंत ४८ लॅब्रडॉर कुत्र्यांवर झालेल्या व २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत एकाच वेताच्या पिलांच्या जोड्या लावून जोडींतील एकास दुसऱ्याहून पाव हिस्सा कमी अन्न वर्षानुवर्षें देण्यांत आलें. कमी खाणारीं कुत्रीं सुमारें पावणेदोन वर्षें अधिक जगलीं, आणि त्यांची सांधेदुखीहि उशिरां सुरू झाली. आपण प्रेमानें घातलेला जादा घास त्या मुक्या जिवाच्या आयुष्यांतून वजा होतो, असा याचा सरळ अर्थ.

“पण तो मागतो हो!” असें म्हणणारी आजी प्रत्येक घरांत असते. मागण्यावर विसंबूं नये. लॅब्रडॉर जातीच्या सुमारें पाव कुत्र्यांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असून त्यामुळें अशा कुत्र्यांची अन्नाची ओढ अधिक असते, असें केंब्रिजच्या संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें. डोळ्यांपेक्षां हात खरा. आपल्या हाताच्या पाठीवरून बोटें फिरविलीं असतां हाडें जशीं लागतात, तशा जनावराच्या बरगड्या लागाव्या. तळहातासारखें मऊ लागलें तर मेद झाला म्हणावें. वरून पाहतांना कंबरहि दिसली पाहिजे.

उपाय कोणाच्या प्रेमास बाध न आणणारा आहे. सकाळीं घरांतील एकानेंच दिवसाचें अन्न तोलून एका डब्यांत काढावें. ज्यास घालावयाचें असेल त्यानें त्याच डब्यांतून घालावें. आजोबांचें बिस्किटहि त्यांतच मोजावें. डबा रिता झाला कीं दिवस संपला. मुलांस देण्याची हौस असेल तर काकडीची फोड किंवा उकडलेली फरसबी कुत्र्यास चालते. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका आणि चॉकलेट मात्र कदापि नकोत. फिरणें सकाळीं उन्हापूर्वीं व्हावें, कारण लठ्ठ कुत्र्यास उन्हाळा लवकर बाधतो.

मांजराच्या बाबतींत दोन गोष्टी निक्षून सांगितल्या पाहिजेत. शाकाहारी घरांतहि मांजर मांसाहारीच असतें. टॉरिन नांवाचें द्रव्य त्यास अन्नांतूनच मिळावें लागतें, आणि तें न मिळाल्यास हृदय दुर्बळ होतें. तेव्हां वजन उतरविण्यासाठीं त्यास दहीभातावर ठेवणें हा उपाय नव्हे. दुसरें, लंघन मुळींच नको. स्थूल मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलें तर अंगांतील मेद यकृतांत सांचून प्राणांवर बेततें. आठवड्यास वजनाच्या शंभराव्या हिश्शाहून अधिक घट नसावी. म्हणजे ६ किलोंच्या मांजराची ६० ग्रॅम. कुत्र्यास याच्या दुप्पट चालते. पण आरंभीं पशुवैद्यास दाखवावें, कारण कुत्र्याची स्थूलता कधीं कंठांतील ग्रंथीच्या मंदपणामुळेंहि असते.

मांजर कांट्यावर स्वस्थ बसत नाहीं. त्यास कडेवर घेऊन आपण कांट्यावर उभें राहावें, मग एकट्यानें, आणि वजाबाकी करावी. साध्या कांट्यावर आठवड्याचा फरक कळत नाहीं, म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारीं आंकडा स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर लिहावा, म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या हातांसमोर तो राहतो.