गोल्टी किती निघेल?
नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या वक्कलाचा, म्हणजे विक्रीला आणलेल्या ढिगाचा, भाव बराचसा आकारावर ठरतो. त्यात गोल्टी, म्हणजे लहान कांदा, किती हे कळायला हवं. पण एकेक कांदा कोण मोजणार? एकाच शेतातल्या, न निवडलेल्या कांद्यांचे आकार साधारणपणे प्रसामान्य वितरणात बसतात: मधल्या मापाचे पुष्कळ, टोकांचे थोडे. समजा, सरमिसळ काढलेल्या शंभर कांद्यांचा सरासरी व्यास ५० मिलिमीटर आणि प्रमाण विचलन ८ आलं. मग सरासरीपेक्षा एक विचलन खाली, म्हणजे ४२ पेक्षा लहान कांदे सुमारे १६ टक्के. दोन विचलनं खाली, ३४ पेक्षा लहान जेमतेम २ टक्के. हे टक्के नगांचे. बाजार चालतो वजनावर, आणि तिथे गोल्टी आणखी कमी भरते. कांदाचाळीवरच निवड झाली असेल, तर मात्र वितरणाच्या वक्राचं टोक आधीच छाटलेलं असतं. तिथे हा हिशेब लावूच नये.