डिस्कवरील भिंती

संगणकाच्या डिस्कचे कायमचे विभाग पाडले, कीं वाड्याच्या वांटणीसारखें होतें: एका भावाची खोली तुडुंब, दुसऱ्याची ओस. १९९८ सालीं हाइन्झ माउएल्सहागेन यांनीं लिनक्ससाठीं रचलेल्या ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ व्यवस्थेंत जागा एका सामाईक कोठारांत जमते व लागेल तशी मिळते. परंतु जुन्या विभागावर कोठाराची खूण उमटली, कीं त्यांतील मजकूर गेलाच समजावा. म्हणून कोठार प्रथम दुसऱ्या डिस्कवर उभारावें, फाइली तेथें उतरवाव्या, ‘एफस्टॅब’ व बूटलोडर यांतील पत्ते बदलावे आणि आरंभींच्या ‘इनिट्रॅमएफएस’मध्यें या व्यवस्थेचीं साधनें घालावीं, तीं नसलीं, तर यंत्राला आपलें घरच सांपडत नाहीं. नव्या जागेवरून यंत्र सुरू झालेलें पाहिल्यावरच जुना विभाग कोठारांत मिळवावा. एक प्रत मात्र निराळी ठेवावी: दोन डिस्कांवर पसरलेला व्हॉल्यूम एकीच्या बिघाडानेंहि जातो.