सांधा हलायलाच हवा

रुळांच्या सांध्याची कथा बहुतेक जण १८४७ पासून सांगायला घेतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्याआधीचा कारभार म्हणजे दोन टोकं एका बैठकीत आणून ठेवायची आणि पाचर ठोकायची. जॉर्ज स्टीफन्सन आणि विल्यम लॉश यांनी १८१६ साली बिडाच्या रुळांची टोकं अर्धी अर्धी कापून एकमेकांवर बसवण्याचं पेटंट घेतलं होतं. काम देखणं होतं, पण जाडी जिथे निम्मी तिथेच चाक आदळणार. इंजिनं जड झाली तशी सांध्यांनी इंग्लंडातल्या इंजिनिअरांची झोप उडवली.

मग १८४७ साली आला विल्यम ब्रिजेस ॲडम्स, मूळचा घोडागाड्या बांधणाऱ्या घरातला माणूस. त्याने उलटाच विचार केला. सांध्याखाली आधार द्यायचाच नाही. सांधा दोन स्लीपरांच्या मधे अधांतरी ठेवायचा आणि दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या घालून तोलायचा. हीच आपली फिश प्लेट.

अधांतरी सांधा की स्लीपरवरचा सांधा, हा वाद पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला. मी कायम अधांतरीवाला. स्लीपर बरोबर सांध्याखाली आला की त्याची ऐरण होते: वरून चाकाचा घण, खाली ऐरण, आणि मधे चेपली जातात ती रुळाची टोकं. अधांतरी सांधा थोडा लवतो आणि भार दोन्हीकडच्या स्लीपरांना वाटून देतो. एका परिसंवादात एका विद्वानाने या लवण्यालाच दोष ठरवलं होतं. त्याने ट्रॉलीवरून उतरून एखादा सांधा कधी खोलला असेल, असं मला तरी वाटलं नाही.

खोलला असता तर फिश प्लेटमधली खरी करामत त्याला दिसली असती. पट्टी रुळाच्या पोटाला टेकतच नाही. ती टेकते फक्त दोन जागी, माथ्याच्या खालच्या उतारावर आणि पायाच्या वरच्या उतारावर. बोल्ट आवळला की पट्टी पाचरीसारखी आत शिरते. जागा झिजली तर आणखी आवळा, ती आणखी आत जाते. दोन्ही पट्ट्या मिळून अखंड रुळाच्या निम्मादेखील ताठपणा देत नाहीत. म्हणूनच दोन्हीकडचे स्लीपर जवळ घ्यायचे आणि त्यांखालची खडी नीट ठोकून ठेवायची. काळ्या जमिनीत हे चुकलं की पावसाळ्यात सांध्याखालून चिखल उसळतो, टोकं कायमची खाली वाकतात, आणि मग कितीही पॅकिंग करा, सांधा बसतोच.

पट्टीने धरायचं, पण जखडायचं नाही. आमच्या १३ मीटर रुळाचाच हिशोब घ्या. भुसावळकडे हिवाळ्यातल्या पहाटे रूळ १० अंशांवर असतो. वैशाखात भर दुपारी तोच ६५ वर जातो, कारण उन्हातला रूळ हवेपेक्षा वीसेक अंश जास्त तापतो. एवढ्यात त्याची लांबी आठ मिलिमीटर वाढते. ही वाढ सांध्यात मुरली पाहिजे, म्हणून रुळातली भोकं बोल्टापेक्षा मोठी असतात आणि म्हणूनच सांध्याला वंगण लागतं.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा वंगणाचा मोसम. गँग सांधा खोलायची, पट्ट्या उतरवून तारेच्या ब्रशने घासायची. पट्टीच्या वरच्या काठावर बरोबर मध्यावर चकाकणारा खोलगट डाग दिसला, तर झीज तिथे झाली असं समजायचं. मग आरसा आणि भिंग घेऊन बोल्टाच्या भोकांच्या कडा पाहायच्या, कारण तिरका तडा जातो तो तिथूनच आणि बाहेरून पट्टीआड झाकलेला राहतो. ग्रॅफाइट रॉकेलमध्ये कालवून दोन्ही उतारांवर फासायचं आणि पट्ट्या परत चढवायच्या. आधी मधले दोन बोल्ट, मग कडेचे. आमचे एक मुकादम पाना फिरवताना नटकडे बघतही नसत. हाताला लागणाऱ्या ओढीवरून थांबत. स्पॅनरला पाइप घालून दांडा लांबवणारा गडी त्यांच्या गँगमध्ये टिकत नसे. तसा आवळलेला बोल्ट ताणला जातो आणि सांधा जाम होतो. ओळीने चार सांधे जाम झाले की पुढचा एखादा नको तेवढा उघडतो, आणि उन्हाळ्यात भर दुपारी अख्खी लाइन आडवी सरकते.

अमेरिकेतले सहा बोल्टांचे सांधे, समोरासमोर न ठेवता आडमागे ठेवलेले सांधे, डझनावारी विसरलेली पेटंटं यांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. वेल्डिंगचं मात्र वेगळं. हान्स गोल्डश्मिटने १८९५ साली ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोहाचा ऑक्साइड पेटवून वितळलेलं पोलाद मिळवण्याचं पेटंट घेतलं, आणि सांध्याच्या मुळावरच घाव बसला. आज मुख्य मार्गांवर अखंड रूळ आहेत आणि ते उत्तम आहेत, हे मी नाकारत नाही. पण हालचाल बंद केली म्हणून उष्णता कुठे जात नाही, ती रुळात जोर होऊन बसते. ६० किलोच्या रुळात तापमान ३० अंशांनी बदललं की सुमारे ५५ टन. तो जोर खडीने आणि स्लीपरांनी पेलायचा, आणि टोकांना पुन्हा सरकता सांधा द्यायचाच! सिग्नलच्या सर्किटसाठी चिकटवलेले इन्सुलेटेड सांधे लागतात ते वेगळेच. वेल्ड तडकलं की धावपळ करून लावतात तीही मधे फुगवटा दिलेली फिश प्लेटच.

‘सांधा हा रेल्वेमार्गाचा रोग’ असं म्हणणाऱ्यांनी कारभार हाती घेतल्यापासून यार्डांतले आणि सायडिंगांतले सांधे बेवारस झाले आहेत. नेरळ-माथेरानच्या दोन फुटी लाइनीवर, त्या वळणांवर, सांध्यांशिवाय गत्यंतर नाही. वेल्डचे दोष अल्ट्रासॉनिक यंत्राच्या पडद्यावर झटकन वाचणारी नवी पोरं हुशार आहेत, पण त्यांच्यापैकी एकाला मी गंजलेली फिश प्लेट उतरवायला सांगितली, तर त्याने आधी गॅस कटर मागवला. मी म्हटलं, बाबा, नटावर रॉकेल सोड आणि चहा पिऊन ये. चहा झाल्यावर नट पान्यानेच सुटले.