पांढरे स्केचपेन कुठे आहे?

बालमित्रांनो, तुमचे स्केचपेनचे पाकीट जरा उघडा बघू. लाल आहे, पिवळे आहे, तपकिरी आहे. पांढरे आहे का? नाही ना! बारा पेनांच्या साध्या पाकिटात ते नसतेच. मग पाठीवर पांढुरके पट्टे असलेली आपली खार स्केचपेनने कशी रंगवायची? आज आपण तेच करणार आहोत. चित्रकलेची वही, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसा. आणि हो, एक रद्दी कागदही हाताशी असू द्या.

पण आधी एक प्रश्न. खारीच्या पाठीवर पट्टे किती?

वर्गात हा प्रश्न विचारला, की निम्मा वर्ग "तीन!" म्हणून ओरडतो. रामाने खारीच्या पाठीवरून बोटे फिरवली, ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते. कुणी हळूच "चार" म्हणते. एखादी मुलगी "पाच" म्हणाली, की सगळे खो खो हसतात. हसू नका बरं! तिचेही बरोबर असू शकते. आपल्याकडे घरांच्या आसपास दिसणाऱ्या खारी मुख्यतः दोन जातींच्या असतात. एकीच्या पाठीवर तीन फिकट पट्टे असतात. दुसरीला तेवढे तीन आणि शिवाय दोन्ही कुशींवर एकेक अंधूक पट्टा, म्हणजे झाले पाच. दक्षिणेकडे तीन पट्ट्यांची जास्त, उत्तरेकडे पाचांची. महाराष्ट्रात दोन्ही आहेत. तुमच्या शाळेच्या आवारातल्या खारीला किती आहेत, हे पुस्तकात मिळायचे नाही. ते तुम्हीच झाडाखाली उभे राहून मोजायचे.

तेव्हा पहिले काम बघण्याचे. पेन्सिल खिशातच राहू द्या. सकाळी आंब्याखाली किंवा चिंचेखाली दहा मिनिटे न हलता उभे राहा. खार तुम्हांला पाहून खोडाच्या पलीकडे पळेल, पण थोड्या वेळाने पुन्हा डोकावेल. ती खाताना कशी बसते ते बघा. मागच्या पायांवर बसून पुढच्या दोन पंजांत शेंगदाणा धरते, अगदी आपण कणीस धरतो तसा. कान छोटे आणि गोलसर असतात. (निम्म्या वह्यांतल्या खारींना सशाचे कान असतात, त्यामुळे हे मुद्दाम सांगते आहे.) शेपूट जवळजवळ अंगाएवढीच लांब. आणि डोळा? तो नाकाजवळ नसतो. नाक आणि कान यांच्या साधारण मध्यावर, थोडा वर असतो, काळाभोर, आणि त्याच्याभोवती फिकट कडे.

आता घरी येऊन पेन्सिल घ्या. शेंगदाणा खाणारी खार बाजूने काढू. भरताचे वांगे उभे ठेवल्यासारखा एक आकार हलक्या हाताने काढा, ते झाले अंग. त्यावर लिंबाएवढे डोके, नाकाकडे किंचित निमुळते. मागे बाटली धुण्याच्या ब्रशासारखी शेपूट, पाठीवरून वर वळलेली. मांडी म्हणजे वांग्याच्या तळाशी एक मोठा गोल. पुढच्या पंजाला बोटे चारच काढा, मागच्याला पाच. एवढे जमले, की खार निम्मी झाली.

पट्ट्यांपाशी मात्र थांबा. बाजूने पाहिले, तर तीन पट्टे सारखे दिसतच नाहीत. मधला पाठीच्या कडेला जेमतेम दिसतो, अलीकडचा स्पष्ट दिसतो आणि पलीकडचा दिसत नाही. पाच पट्ट्यांची खार असेल तर कुशीवरचा आणखी एक अंधूक. म्हणजे पट्टे मोजले तीन, पण चित्रात आले दोन! काही जण म्हणतील, "पण बाई, खारीला तीन असतात ना?" असतात. पण आपण बसलो आहोत तिथून जे दिसते ते काढायचे. आणखी एक. पट्टा पट्टीने आखू नका. पाठ वाकली की पट्टाही वाकतो. सरळ रेघा मारल्या, की खार पाटासारखी सपाट होते.

चित्र मनासारखे झाले, की खोडरबर कागदावर नुसते दाबून उचला, घासू नका. पेन्सिलच्या रेघा पुसट होतील, पण दिसत राहतील. गडद रेघ तशीच ठेवली, तर शाईखाली अडकते आणि मग खोडता येत नाही. शिवाय पेनचे टोकही मळते.

आता आपले गुपित. पांढरा रंग तुमच्याकडे आहे, तो म्हणजे कागद! पट्टे रंगवायचे नाहीत, राखायचे. डोळ्याभोवतीचे कडे, पोट आणि डोळ्यातला चमकणारा ठिपकाही राखायचा. ज्या जागा कोऱ्या ठेवायच्या, त्यांत पेन्सिलने बारीक फुली करा, म्हणजे रंगवण्याच्या भरात हात तिकडे जाणार नाही.

जहांगीर बादशहाच्या दरबारातल्या चित्रकारांची याबाबत चैन होती. १६१० च्या सुमाराचे, अबुल हसन या चित्रकाराचे मानले जाणारे एक सुंदर चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चिनाराच्या झाडावर खारींची नुसती धमाल चालली आहे आणि खाली एक माणूस झाडावर चढू पाहतो आहे. त्या खारी तांबूस आहेत, आपल्यासारख्या पट्टेवाल्या नव्हेत. त्या चित्रकारांचे रंग दाट असत, त्यामुळे गडद रंगावर पांढरा ठिपका देता येई. आणि गंमत म्हणजे, त्यांचे बारीक ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचे असत. खारीच्याच केसांनी खार!

आपली शाई पातळ आणि पारदर्शक असते. पिवळ्यावर तपकिरी दिसते, पण तपकिरीवर पिवळे दिसत नाही, उलट पिवळ्या पेनचे टोक काळपट होते. म्हणून फिकट रंग आधी, गडद नंतर. आधी पिवळ्याच्या विरळ रेघा, मग तपकिरीच्या, शेवटी काळ्याच्या. रंग भरायचा नाही, केस काढायचे. डोक्यावर आखूड रेघा, पाठीवर थोड्या लांब, सगळ्या डोक्याकडून शेपटीकडे. शेपटीचे केस मात्र मधल्या दांड्यापासून दोन्ही बाजूंना. पट्ट्याच्या कडेला रेघा दाट करा, मधे कोरा कागद सोडा. बघा, पट्टा कसा उठून दिसतो!

राखी रंग पाकिटात नसला तर? वाळत आलेले काळे पेन फेकू नका. त्याची खरखरीत, पुसट रेघ म्हणजे खारीचा अस्सल राखी रंग. माझ्या टेबलाच्या खणात अशी पेने मी जपून ठेवते.

एकाच जागी तीन-चारदा पेन फिरवले, की कागद ओला होऊन त्याची लव निघते. तेवढा वेळ शेपूट रंगवा, मग परत या. मोठ्या मुलांकडे उग्र वासाची स्पिरिटची मार्कर असतात. त्यांची शाई पसरते आणि पानाच्या पाठीमागे उतरते. तेव्हा रद्दी कागद पानाखाली सरकवा, रेघेच्या किंचित आतच थांबा आणि खिडकी उघडी ठेवा.

काळी बाह्यरेषा सगळ्यांत शेवटी. आधी काढली, तर तिच्यावरून पिवळे फिरताच ती फराटते. खरे तर सगळीकडे बाह्यरेषा नकोच. डोळा, नाक, नखे आणि मिशा पुरे.

आणि रेघ चुकली तर? स्केचपेन खोडता येत नाही, हे खरे. "बाई, बिघडलं!" म्हणून टरकन पान फाडणारी मुले मी दरवर्षी बघते. फाडायच्या आधी दोन मिनिटे थांबा. पाठीबाहेर गेलेली रेघ उभा राहिलेला केस होऊ शकते. पोटावर पडलेला ठिपका शेंगदाण्याची सावली होऊ शकतो. पट्ट्यातच काळे गेले, तर त्या जागी पट्टा तुटक ठेवा. खार अंग चाटते, खाजवते, तेव्हा केस विस्कटतातच की!

आईबाबांनाही एक सांगायचे आहे. अशा वेळी मुलाच्या हातातले पेन घेऊन चित्र नीट करून देऊ नका. प्रदर्शनात तुमची रेघ आम्हां शिक्षकांना लांबूनच ओळखू येते. त्यापेक्षा सकाळी झाडाखाली त्याच्याबरोबर दहा मिनिटे उभे राहा. पट्टे किती, यावर तुमचेही एकमत होणार नाही, बघाच.

चित्र पुरते वाळले, की फुल्या हलकेच खोडा, कोपऱ्यात तारीख आणि झाडाचे नाव लिहा. मग पेनांची टोपणे 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा. काळ्याचे विसरलात तरी हरकत नाही, पुढच्या खारीला राखी मिळेल.