‘इओ नॉन हो पाउरा’ : बाप चुकतो तेव्हा

परभाषेतला चित्रपट म्हटला की खालची अक्षरे वाचण्याच्या कंटाळ्याने आपल्यातले बरेच जण तो टाळतात. तरीही ‘इओ नॉन हो पाउरा’, म्हणजे ‘मला भीती वाटत नाही’, हा २००३ सालचा इटालियन चित्रपट घरात वाढत्या वयाची मुले असलेल्यांनी जरूर पाहावा, असे मला वाटते. निकोलो अम्मानिती यांच्या २००१ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. दिग्दर्शक गाब्रिएले साल्व्हातोरेस. पटकथेत स्वतः कादंबरीकाराचाही वाटा आहे.

काळ १९७८ च्या उन्हाळ्याचा. दक्षिण इटलीतले चार-पाच घरांचे खेडे आणि नजर पोचेल तिथवर पिवळाधमक गहू. मिकेले हा नऊ-दहा वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीचा हरवलेला चष्मा शोधायला एका पडक्या घराशी परत जातो. तिथे झाकलेल्या खड्ड्यात त्याला एक मुलगा सापडतो. त्याच्याच वयाचा, साखळीने बांधलेला, उजेडाने डोळे दिपणारा. आपण मेलो आहोत आणि मिकेले हा देवदूत आहे, असे त्या फिलिप्पोला वाटते. मिकेले त्याला चोरून पाणी-पाव नेऊन देऊ लागतो. पुढे घरातल्या टीव्हीवर एक आई आपल्या पळवलेल्या मुलासाठी गयावया करताना दिसते आणि मिकेलेला उमगते, की या कटात आपले बाबाच आहेत.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. त्या काळी इटलीत खंडणीसाठी माणसे पळवणे हा धंदाच झाला होता. १९७३ साली अमेरिकन तेलसम्राट गेटी यांच्या नातवाला रोममधून पळवून त्याचा कापलेला कान पाठवण्यात आला होता. अशी शेकडो अपहरणे झाली. पुष्कळदा सावज उत्तरेतल्या श्रीमंत घरातले आणि लपवायची जागा कालाब्रियाच्या किंवा सार्डिनियाच्या डोंगरात. अखेर १९९१ मध्ये अपहृताच्या कुटुंबाची मालमत्ता गोठवण्याचा कायदा झाला. खंडणी देणेच अवघड झाले आणि हे प्रकार ओसरत गेले.

कादंबरीत मोठा झालेला मिकेले स्वतःच ही हकीगत सांगतो. चित्रपटाने ते काम कॅमेऱ्यावर सोपवले आहे. कॅमेरा बहुतेक वेळा मुलाच्या उंचीवर असतो. मोठ्यांची कुजबुज दाराआडून, अर्धीमुर्धी ऐकू येते. मिकेलेला जेवढे कळते तेवढेच आपल्याला कळते.

आपण ‘श्यामची आई’वर वाढलो. तिथे मूल चुकते आणि आई वळण लावते. इथे घडते ते नेमके उलटे. मात्र मिकेलेचे वडील राक्षस नाहीत. ते ट्रक चालवतात, मुलांवर जीव लावतात, घरी येताना भेट म्हणून गोंडोला नावेची प्रतिकृती आणतात. गरिबीतून सुटण्यासाठी, ‘मुलांसाठीच’, ते या पापात शिरतात. म्हणून तर मिकेलेचा पेच अवघड होतो. बापावरचे प्रेम संपत नाही आणि खड्ड्यातला मुलगाही विसरता येत नाही. माझ्या मते त्याचे बालपण संपते ते इथे.

एका प्रसंगात आई मिकेलेकडून वचन घेते : मोठा झालास की इथून निघून जा. हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या घरी, निराळ्या शब्दांत, ऐकलेले आहे. आपण निघालो, इथे आलो, आणि आता जे काही करतो ते ‘मुलांसाठी’ असे म्हणतो. ते खरेही असते. पण मुले आपले बोलणे ऐकतात त्याहून बारकाईने आपले वागणे पाहतात. करात केलेली लबाडी, फोनवर मारलेली थाप, कामवाल्या बाईशी बोलण्याचा सूर, सगळे त्यांच्या उंचीवरून त्यांना दिसत असते.

शेवट सांगत नाही. काही प्रसंग दचकवणारे आहेत, तेव्हा फार लहान मुलांना दाखवू नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलांबरोबर मात्र जरूर पाहावा. नंतर ‘मिकेलेच्या जागी तू काय केले असतेस?’ असे विचारून त्यांना बोलू द्यावे. उलटा प्रश्न आला, तर त्याचेही उत्तर द्यायची तयारी ठेवावी.